लिहून घेणार

करारनाम्याच्या पहिल्या मसुद्यात माझ्या नावाआधी 'सौ.' लागलं होतं. ब्रोकरच्या टायपिस्टने एक पुरुष आणि एक बाई घर घेताहेत एवढं पाहिलं, पुढचं त्याच्या बोटांनीच ठरवलं. मी खोडून परत पाठवलं, तर दुसऱ्या मसुद्यात 'कु.' होऊन आलं. एकेचाळिसाव्या वर्षी कुमारी! तिसऱ्या खेपेला 'श्रीमती'. सरकारी मराठीत श्रीमती कुणालाही चालतं हे मला ठाऊक आहे, पण माझ्या आईच्या पिढीला श्रीमती म्हटलं की मोकळं कपाळच दिसतं. शेवटी वकीलबाईंनी तिन्ही उडवून नुसतं नाव ठेवलं. म्हणाल्या, "रजिस्ट्रारला तुमचं कपाळ नकोय, पॅन हवाय."

याला तीन वर्षं झाली. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या एका आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. रिसेलचं, चारशे दहा चौरस फूट, किंमत १ कोटी १० लाख. 'आमचं' म्हणजे माझं आणि याचं. याला इतरांसमोर काय म्हणायचं ते अजून नीट ठरलेलं नाही. 'पार्टनर' म्हटलं की आम्ही लॅमिंग्टन रोडवर वायरींचं दुकान चालवतो असं वाटतं. 'मित्र' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया जाग्या होतात. घरात मी 'हा' म्हणते, इथेही तेच म्हणेन. लग्न का केलं नाही याचं उत्तर या लेखात नाही. आईलाही दिलेलं नाही, तेव्हा तुम्ही रुसू नका.

लोक विचारतात, लग्नाशिवाय दोघांच्या नावावर घर होतं का? होतं. कायद्याला त्यात काही वावगं नाही. दोन बहिणी घेऊ शकतात, मामा-भाचे घेऊ शकतात, एकाच ऑफिसातले दोघं घेऊ शकतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही अंगठे उमटवले, कॅमेऱ्यासमोर तोंडं सरळ केली, आणि नातं कुणी विचारलंच नाही. तिथे जगात दोनच जाती: 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. आम्ही दोघं लिहून घेणार. आमच्या मागे दोन ओळखदार उभे होते, आम्हाला व्यक्तिशः ओळखतात असं सांगायला. कागदावर एवढीच ओळख लागते हे मला फार आवडलं. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न लागताना इतके लोक उभे होते, की नवऱ्याला व्यक्तिशः ओळखणारं त्यांच्यात कोण, हा प्रश्न विचारायचं राहूनच गेलं.

नातं विचारतात ते बँकेत. पहिल्या बँकेतल्या मुलाने फार सौजन्याने सांगितलं की सहअर्जदाराशी नातं या रकान्यात पती, पत्नी, आई, वडील, मुलगा असे पर्याय आहेत आणि आम्ही त्यातले कुणीच नाही. "मॅडम, सिस्टीम घेत नाही." त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसत होतं, त्यामुळे मला भांडताही येईना. दुसऱ्या बँकेच्या सिस्टीमने 'इतर' घेतलं. त्या 'इतर'वर आम्हाला वीस वर्षांचं कर्ज मिळालं. सहीच्या वेळी वकीलबाईंनी एक गोष्ट तीनदा सांगितली, कारण ती लोकांच्या कानात शिरत नाही: घराची मालकी हिश्श्याहिश्श्याने असते, कर्ज मात्र अख्खंच्या अख्खं दोघांचं असतं. यातला एक उद्या उठून गेला तर बँक उरलेल्याला तुझे अडतीस टक्के दे असं म्हणत नाही. शंभर टक्के मागते.

आता अडतीस कुठून आले ते सांगते.

सौदा ठरला तेव्हा ब्रोकरने चहा पिता पिता एक सल्ला दिला. "ताईंच्या एकट्याच्या नावावर करा. लेडीजला एक टक्का माफ आहे." खरं आहे. मुंबईत मेट्रोच्या अधिभारासकट मुद्रांक शुल्क ६ टक्के पडतं आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ५. आमच्या घरावर सरळ १ लाख १० हजार वाचत होते. एवढ्यात स्वयंपाकघराचा ओटा झाला असता. याने लगेच मान डोलावली, "तुझ्याच नावावर करू की, काय फरक पडतो?" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

वकीलबाईंना नाही वाटलं. त्यांनी चष्मा काढला आणि १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा काढला. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, याला तो कायदा बेनामी म्हणतो. मग नवरे बायकोच्या नावावर घरं घेतात त्याचं काय? त्यांच्यासाठी त्याच कायद्यात अपवाद आहे: उघड, हिशोबातल्या पैशाने जोडीदाराच्या किंवा मुलाच्या नावावर घेतलं तर ते बेनामी नाही. जोडीदार म्हणजे लग्नाचा. आमच्यासारख्यांना तो अपवाद लागू नाही. म्हणजे याने आपल्या पैशाने माझ्या नावावर घर घेतलं, तर ते प्रेम नसून जप्तीला पात्र मालमत्ता.

"बरं, मग दोघांची नावं टाकू आणि निम्मं-निम्मं लिहू," हा म्हणाला. पैसे त्याचे ६२ टक्के आणि माझे ३८ होते. तो मोठ्या कंपनीत आहे, मी अनुवाद करते. मुंबईत अनुवादावर ३८ टक्के घर झालं हाच एक चमत्कार आहे. पण निम्मं लिहायचं म्हणजे त्याने मला १२ टक्के, १३ लाख २० हजार, भेट दिले. नवऱ्याने बायकोला दिले तर आयकर विचारत नाही. नातेवाइकांच्या यादीत न बसणाऱ्याने ५० हजारांवर काही दिलं तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात आणि त्यावर कर लावतात. आणि घर झाल्यानंतर पुढे कधी हिस्सा बक्षीसपत्राने द्यायचा म्हटलं तरी तेच. महाराष्ट्रात नवरा बायकोला राहतं घर बक्षीस देतो तेव्हा मुद्रांक शुल्क २०० रुपये. चुकून शून्य खाल्लेलं नाही, दोनशेच. आम्ही एकमेकांना दिलं तर बाजारात विकल्यासारखं पूर्ण शुल्क.

त्या दिवशी मुलुंड स्टेशनच्या पुलावरून परत येताना मला लग्न या गोष्टीबद्दल एक नवं कळलं, जे बेचाळीस लग्नांची पंचपक्वान्नं जेवून कळलं नव्हतं. लग्न झालेल्यांना हिशोब न ठेवण्याची सवलत असते. कायदा त्यांना म्हणतो, तुमचं तुम्ही बघा, कुणाचा पैसा कुठे गेला मी विचारणार नाही. आम्हाला तो विचारतो. आमच्यात उदार व्हायचं असेल तर त्यालाही परवाना लागतो.

मग आम्ही ६२ आणि ३८ लिहिलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ४५ वं कलम आहे, इंग्रजांच्या वेळचं, पण आमच्यासाठीच बसवलेलं वाटतं. वेगवेगळ्या पैशाने मिळून घेतलं तर ज्याने जितके घातले तितका त्याचा हिस्सा. आणि कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघं समान धरले जातात. म्हणून आम्ही करारनाम्यात टक्के लिहून टाकले, किमतीतून कापून सरकारला भरायचा कर, म्हणजे टीडीएस, भरतानाही त्याचे ६८ हजार २०० आणि माझे ४१ हजार ८०० वेगळे भरले, आणि हप्ता आजही दोन खात्यांतून जातो. त्याच्या खात्यातून बासष्ट, माझ्यातून अडतीस.

सोसायटीचं प्रकरण त्या मानाने सोपं गेलं. सेक्रेटरी काका म्हणजे रिटायर झालेले टपाल खात्यातले गृहस्थ. नियमाबाहेर एक शब्द नाही आणि नियमात असेल तर एक शब्द कमी नाही. 'सहयोगी सभासद' होण्यासाठी नात्यांची यादी आहे: नवरा, बायको, आईवडील, भावंडं, मुलं, जावई, सून, पुतणे-भाचे. त्यात आम्ही नाही. पण दोघंही खरेदीदार असल्यामुळे आम्हाला 'संयुक्त सभासद' होता येतं, आणि तिथे नातं लागत नाही. भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, पहिलं नाव याचं, दुसरं माझं. पहिला हजर असेल तर मत त्याचं, नसेल तर माझं. हा सर्वसाधारण सभेला जात नाही, त्यामुळे गळतीपासून पार्किंगपर्यंत सगळी मतं माझीच पडतात. काकांनी फक्त एकदा, दाखला देताना, खालच्या आवाजात विचारलं, "दारावर पाट्या दोन लावणार का?" मी म्हटलं, एकच, दोन आडनावांची. "मग ठीक. कुरिअरवाले गोंधळतात," म्हणाले.

मी काकांवर रागवायच्या तयारीत होते. तो राग अजून तसाच न वापरलेला पडून आहे.

खरा कस लागला तो पुढच्या कागदाला. वकीलबाई म्हणाल्या, सहमालकीचा वेगळा करार करा, आणि त्यात वेगळं व्हायचं झालं तर काय, ते लिहा. नवराबायकोचं मोडतं तेव्हा कुटुंब न्यायालय असतं, पोटगी असते, बरावाईट काही रस्ता असतो. आमचं मोडलं तर आम्ही फक्त दोन सहमालक. सहमालकाला आपला हिस्सा कुणालाही विकता येतो. वाटणीचा दावा लावता येतो, पण चारशे दहा चौरस फुटांची वाटणी कोण आणि कुठून करणार? कोर्ट शेवटी विका आणि पैसे वाटून घ्या याच वाटेने जातं, आणि त्यात वर्षं जातात.

एका रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही लिहायला बसलो. मसुद्यात मी 'द्वितीय पक्षकार' होते. ज्याच्या हातचा वरणभात दोन तासांपूर्वी खाल्ला त्याला 'प्रथम पक्षकार' म्हणताना जीभ अडखळते. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याने आधी दुसऱ्याला विचारायचं. किंमत सरकारमान्य मूल्यांककाकडून काढायची. विकत घ्यायला सहा महिने मुदत. नाही जमलं तर बाहेर विकायचं, आधी बँकेचं कर्ज फेडायचं, मग टक्क्यांप्रमाणे. हे सगळं भराभर झालं. अडलं ते एका फालतू गोष्टीवर. हा म्हणाला, त्या सहा महिन्यांत घरात राहायचं कोणी? आणि दोघंही गप्प झालो. खाली आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजून गेली. न घडलेल्या भांडणातलं घर आम्हाला तेव्हा दिसत होतं, दोन वेगळ्या खोल्यांत झोपायला तिथे दुसरी खोली नव्हती. मी म्हटलं, मी आईकडे जाईन. तो म्हणाला, नाही, मी जाईन. मग आम्ही कोण जाणार यावर खरोखरच भांडलो, रात्री साडेबारापर्यंत. करारात शेवटी 'परस्पर संमतीने' एवढंच लिहिलंय. वकीलबाईंनी तो शब्द वाचून नाक मुरडलं, पण ठेवला.

त्या करारात एक कलम आहे की एकाचा हप्ता दुसऱ्याने भरला तर ते 'उसने' समजावे. हा शब्द मी हट्टाने घातला. वकीलबाईंना 'व्याजरहित हातउसने कर्ज' हवं होतं. 'उसने' पुरे म्हटलं. चाळीत असताना आम्ही वाटीभर साखर उसनी आणायचो आणि परत करताना आई ती वाटी शीग लावून भरायची. दोन वर्षांपूर्वी याची नोकरी गेली. चार महिने हप्ता एकट्या माझ्या खात्यातून गेला, आणि मी पुठ्ठ्याच्या वहीत चार ओळी लिहिल्या, तारखांसकट. लिहिताना लाज वाटली. त्याला नाही वाटली. तो म्हणाला, लिहिलंस ते बरं झालं, नाहीतर मी आयुष्यभर मनातल्या मनात आकडा धरून बसलो असतो. नवी नोकरी लागल्यावर त्याने सात महिन्यांत फेडले, आणि शेवटच्या हप्त्याबरोबर वर पाचशे रुपये जास्त. शीग.

हे सगळं मी माझ्या लग्न झालेल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या 'किती कोरडं गं' म्हणतात. मला आईचं घर आठवतं.

गोरेगावचं ते घर १९८६ सालचं. बाबांच्या एकट्याच्या नावावर. आई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, बाबांच्या बरोबरीने कमावणारी. बाबांच्या पगारातून घराचा हप्ता जायचा आणि आईच्या पगारातून किराणा, आमच्या फिया, आजीची औषधं, दिवाळी. म्हणजे तिचा पैसा आम्ही खाल्ला आणि बाबांच्या पैशाची भिंत उभी राहिली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. हिशोब ठेवायची गरजच कुणाला वाटली नव्हती. बाबा गेले तेव्हा सोसायटीत नॉमिनी म्हणून माझ्या भावाचं नाव निघालं. कधीकाळी फॉर्म भरताना बाबांनी 'मुलगा' म्हणून सहज टाकलेलं. आई दारातच विचारत होती, "म्हणजे हे घर आता याचं?"

नव्हतं. नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळतो. सोसायटीही त्याला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते. हे मी आईला समजावलं ते तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडराकडे बोट दाखवून. 'कालनिर्णय'च्या साळगावकरांच्या मृत्युपत्रावरून कोर्टात गेलेल्या वादातच सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं की शेअर्सचं नामांकन वारसाहक्काच्या वर जात नाही. आईला तो न्यायनिर्णय एकदम पटला. 'कालनिर्णय'वर तिने याआधी फक्त चतुर्थीला विश्वास ठेवला होता. बाबांच्या मागे आई, भाऊ आणि मी असे सारखे तीन वाटे. भावाने आणि मी हक्कसोडपत्र केलं आणि इतकी वर्षं पोसलेल्या घरात आईचं नाव सदुसष्टाव्या वर्षी लागलं. मुलांनी सोडलं म्हणून लागलं. तिने आम्हाला पेढे दिले. मला तो पेढा गिळायला जड गेला.

तर आमच्याकडे. हा उद्या गेला तर काय? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या वारसांत मी कुठेच नाही. त्याचे ६२ टक्के त्याच्या आईकडे जातील. वडीलसुद्धा आईनंतरच्या रांगेत आहेत, पुरुषाच्या वारसांत आई पहिल्या वर्गात असते. म्हणजे लग्न न करता मला सासू मिळणार, आणि तीही बहुमताने. त्या साताऱ्याला असतात, माझ्याशी नेहमी नीट बोलतात, पण ओट्यावर कांदा कुठे ठेवायचा यावर आमचे बासष्ट विरुद्ध अडतीस होतील. मी आधी गेले तर माझा हिस्सा आईकडे, आणि मग आई आणि हा सहमालक. दोघंही साखर घातलेल्या आमटीवरून भांडणारे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात 'विवाहसदृश नातं' आहे, त्यात बाईला सामाईक घरातून बाहेर काढता येत नाही. पण तो राहण्याचा हक्क, मालकीचा नव्हे. त्यासाठीही आधी सिद्ध करावं लागतं की आपण जगासमोर नवराबायकोसारखेच वावरत होतो. दारावर दोन आडनावं लावणाऱ्या बाईने ते कोणत्या तोंडाने सिद्ध करायचं?

उपाय एकच, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, सही आणि दोन साक्षीदार लागतात. आम्ही आमने-सामने दोन मृत्युपत्रं केली, माझा हिस्सा त्याला, त्याचा मला. साक्षीला तेच दोघं मित्र, ओळखदार म्हणून उभे राहिलेले. सह्या झाल्यावर मिसळ खाल्ली. पाव थोडे वाळलेले होते.

मग लक्षात आलं, कायदा आईला जे देत होता ते मी सही करून काढून घेतलंय. हे तिला सांगणं भाग होतं. मृत्यूनंतर कागद उघडून कळण्यापेक्षा तोंडाने बरं. एका दुपारी गोरेगावला गेले, सूची क्रमांक दोनची, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत आणि मृत्युपत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने भिंग घेतलं. आधी सूची वाचली, माझ्या नावावर बोट थांबलं. "सौ. नाही लावलं ते बरं केलंस. कु.ही नाही," म्हणाली. मग मृत्युपत्र, दोनदा वाचलं. मी तोपर्यंत चहा उकळत ठेवला होता तो आटून अर्धा झाला.

"मला काय करायचंय तुझं घर? मुलुंडला उतरायला जिना किती आहे!" आई म्हणाली. थोड्या वेळाने, "माझ्या आधी तू कशाला जातेस?" आणि मग कागदांची घडी घालताना, अगदी वकीलबाईंच्या सुरात, "पण ते पितळी घंगाळ माझं आहे हं. माझ्या आईने दिलेलं. तुम्ही ते गॅलरीत तुळशीला ठेवलंय म्हणून तुमचं होत नाही. तुझं-त्याचं बिनसलं तर त्याच्या हिश्श्यात जायला नको."

करारात शेवटी एक परिशिष्ट आहे, घरातल्या वस्तूंची यादी आणि कोणती कुणाची. फ्रिज त्याचा, वॉशिंग मशीन माझं, पुस्तकं नावाप्रमाणे. त्या रात्री आम्ही त्यात एक ओळ वाढवली आणि दोघांनी शेजारी सह्या केल्या: पितळी घंगाळ, नग एक, उसने. देणार: आई.

तिने फोटो मागवून घेतला.